फोनच्या कुलपाची किल्ली

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा: ‘उपकरण आपलं, मग त्यातलं सॉफ्टवेअर ठरवायचं कोणी?’ तिकडे वळूच. पण आधी फोनचं कुलूप उघडतात कसं ते बघून घेऊ.

इथे कुलूप म्हणजे पडद्याचा पिन नव्हे, बूटलोडरचं कुलूप. बूटलोडर हा अँड्रॉइड या फोनच्या प्रणालीच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम. फोनमधल्या प्रणालीवर निर्मात्याची डिजिटल सही आहे का ते तो तपासतो आणि नसेल तर तिला चालूच देत नाही. ही तपासणी म्हणजेच ते कुलूप. गूगलचा पिक्सेल फोन धरून सांगतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, तिथे ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यातलं ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करा. फोन बंद करा, पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा. फास्टबूट, म्हणजे संगणकाकडून आज्ञा घेणारा बूटलोडरचा पडदा, आला की केबल जोडून संगणकावरून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही आज्ञा द्या. संगणक ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ म्हणत अडून बसला, तर बहुतेकदा विंडोजवर ड्रायव्हर नसतो, नाहीतर केबल नुसती चार्जिंगची असते, आत डेटाच्या ताराच नसतात. मग फोनवर होकार द्यायचा, की सगळं पुसलं जातं. फोटो, मेसेज, सगळं.

पहिल्या रांगेतून ‘अरे बापरे’ ऐकू आलं! पण हे पुसणं योग्यच आहे. नाहीतर चोरानं तुमचा फोन उघडून, त्यात स्वतःची प्रणाली घालून तुमचाच डेटा वाचायचा प्रयत्न केला असता. खरा घात होतो तो पुन्हा कुलूप लावताना. आतली प्रणाली बदललेली आहे, तिची किल्ली, म्हणजे तिच्यावरची सही ज्याने तपासतात तो डिजिटल आकडा, फोनला दिलेली नाही आणि तुम्ही लॉक केलंत, तर फोन सुरू होत नाही. त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ही बंद करून ठेवलं असेल, तर पुन्हा अनलॉकही करता येत नाही. हातात वीट उरते.

आता माझी तक्रार ऐका. एवढं तरी पिक्सेलवर करता येतं. हुवावेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच थांबवलं. शाओमीने खातं जोडून १६८ तास, म्हणजे अख्खा आठवडा, थांबायला लावलं. काही फोनांत तर ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटणच करड्या रंगाचं, दाबलं तरी हलत नाही. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी कोणाची परवानगी मागायची आणि का? कंपनीने अपडेट थांबवले की धडधाकट फोन कपाटात पडतो. लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर बेतलेली मुक्त प्रणाली घालून तो आणखी काही वर्षं चालला असता.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली, म्हणून मूळ मुद्दा भरभर मांडतो. कुलूप हवंच, पण किल्ली मालकाला बदलता आली पाहिजे. हे अशक्य नाही. विंडोज ८ च्या वेळी मायक्रोसॉफ्टच्याच प्रमाणपत्राची अट होती, की साध्या पीसीवर सिक्युअर बूट, म्हणजे पीसीमधली अशीच सहीची तपासणी, मालकाला बंद करता यावं, किल्ल्याही बदलता याव्यात. फोन-टॅबलेटमध्ये असतात तसल्या एआरएम प्रोसेसरच्या यंत्रांवर मात्र नेमकी उलटी अट! पुढे विंडोज १० च्या वेळी पीसीवरही बंद करण्याची सोय देणं निर्मात्याच्या मर्जीवर सोडलं. पिक्सेलमध्ये आजही स्वतःची किल्ली घालून पुन्हा लॉक करता येतं. सुरू होताना पिवळी सूचना दिसते, पण सहीची तपासणी पूर्ण होते.

‘मग अशा फोनवर बँकेचं ॲप चालेल का?’ हा प्रश्न येणारच. फोन विश्वासाचा आहे का हे ॲपला सांगणारी गूगलची सेवा, प्ले इंटिग्रिटी, गूगलने प्रमाणित केलेली प्रणालीच मानते. म्हणून स्वतःच्या किल्लीने लॉक केलेला, ताजे सुरक्षा-अपडेट असलेला फोन नापास होतो आणि कित्येक वर्षं अपडेट न मिळालेला मूळ प्रणालीचा फोन साध्या तपासणीत पास होतो. याला मी सुरक्षा म्हणणार नाही. फोनमधली सुरक्षा-चिप कोणत्या किल्लीची प्रणाली चालू आहे आणि बूटलोडर बंद आहे की उघडा, हे सही करून सांगू शकते. ही सोय अँड्रॉइडमध्ये आधीपासून आहे. बँकांनी तो दाखला मागावा आणि कोणत्या किल्ल्या मान्य करायच्या ते स्वतः ठरवावं.