चौघांची सहा नाती

(दृश्य: शाळेचा सूचनाफलक. टाचणीनं लावलेले कागद.)

१९७६ साल. डब्लिनमधल्या एका शाळेच्या फलकावर लॅरी मलेन या चौदा वर्षांच्या मुलानं चिठ्ठी लावली. बँड काढायचाय, वाजवणारे हवेत. त्या चिठ्ठीतून 'यू टू' उभा राहिला. पाच वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये लार्स उलरिख या ड्रमरनं स्थानिक पेपरात छोटी जाहिरात दिली. जेम्स हेटफिल्ड त्याला येऊन भेटला आणि पुढे 'मेटॅलिका' झाला.

म्हणजे बँड काढायला एक चिठ्ठी पुरते. पुढच्या भानगडी तिच्यात मावत नाहीत.

साधा हिशोब करून बघा. दोघं असतील तर नातं एक. तिघांत तीन. चौघांत सहा. पाचवा माणूस आला की वाद्य एकच वाढतं, पण नाती दहा होतात. ड्रमरचं गायिकेशी जमतं, गायिकेचं गिटारवाल्याशी जमतं, म्हणून ड्रमरचं गिटारवाल्याशी जमेलच असं नाही. आणि या दहातलं एक नातं बिघडलं, तरी तालमीला सगळेच जण घड्याळाकडे बघायला लागतात.

माणसं निवडताना हात बघितला जातो. किती सफाईनं वाजवतो, किती लवकर उचलतो. स्वभाव बघायचं कुणाला सुचत नाही. वेळेवर येतो का? चुकलं असं सांगितलं तर चेहरा पाडतो का? दुसरा वाजवत असताना गप्प बसतो का? हे विचारणं बरं दिसत नाही म्हणून राहून जातं, आणि दोन वर्षांनी तेच नडतं.

निवड चुकली तर बदल करायचा, हेही बोलण्याइतकं सोपं नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये 'बीटल्स'नी आपला ड्रमर पीट बेस्ट याला काढलं आणि रिंगो स्टारला घेतलं. दोन वर्षं बरोबर वाजवलेल्या माणसाला हे सांगायचं कुणी? तिघांपैकी कुणीच नाही सांगितलं. ते काम मॅनेजर ब्रायन एपस्टाइनच्या गळ्यात पडलं. पुढे ज्यांच्या गाण्यांवर जग नाचलं, त्या पोरांना एवढी एक गोष्ट तोंडावर बोलता आली नाही. मला यात दोष काढावासा वाटत नाही. बँडमध्ये माणूस मित्रही असतो आणि सहकारीही, आणि कोणत्या नात्यानं कधी बोलायचं हे कुणीच शिकवत नाही.

(दृश्य: तालमीची खोली. जमिनीवर वायरींचा गुंता. अॅम्प्लिफायरचं बटण जवळून.)

आता तालमीच्या खोलीत जाऊ. जागा लहान, भिंती उघड्या. गिटारवाल्याचा अॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, जमिनीवर आहे, म्हणजे आवाज त्याच्या पोटऱ्यांवर जातोय. स्वतःचं नीट ऐकू येईना, म्हणून तो बटण जरासं फिरवतो. बेस गिटारचा आवाज त्याखाली दबला, म्हणून बेसवाला फिरवतो. ड्रम्सना बटण नसतं. ड्रमर हात जोरात टाकायला लागतो. आता गायिकेला स्वतःचा सूरच सापडेना. ती ताण देऊन गाते आणि तासाभरात गळा धरतो.

प्रत्येकानं फक्त स्वतःला ऐकू यावं एवढंच केलंय. भांडखोर कुणीच नाही, तरी खोलीत भांडण उभं आहे.

उपाय सोपा आहे. अॅम्प खुर्चीवर ठेवायचा किंवा मागे कलता करायचा, म्हणजे आवाज थेट कानाकडे येतो. आणि गायिकेचा आवाज जितका, तिथपर्यंत बाकीच्यांनी खाली यायचं. पण खाली कुणी यायचं हे ठरवायला कुणाचा तरी शब्द चालावा लागतो. तो कुणाचा, हे त्या खोलीत ठरलेलंच नसतं.

तीच गत पट्टीची. गायिका म्हणते, हे गाणं अर्धी पट्टी खाली घेऊ या. गिटारवाला म्हणतो, मग मला मोकळ्या तारा मिळत नाहीत, सगळ्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर, बोट आडवं दाबून धराव्या लागतील. दोघांचंही खरं आहे. खऱ्या-खोट्याचा वाद असता तर मिटलाही असता.

(दृश्य: चार खुर्च्या, चार स्टँड, अर्धवर्तुळात.)

या कोड्याचा बारकाईनं अभ्यास झाला तो वेगळ्याच जागी. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा एक व्हिओला, आणि सगळ्यांत मोठा एक चेलो. चौघंच, आणि समोर हातानं ताल दाखवून सगळ्यांना चालवणारा कंडक्टर नाही. कीथ मर्निगन आणि डोनाल्ड कॉनलन या दोन संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० क्वार्टेटचा, म्हणजे ८० वादकांचा, अभ्यास केला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपण समजतो की मोकळेपणानं बोलून सगळं मिटतं. यशस्वी क्वार्टेटमध्ये चित्र बरंच वेगळं निघालं. तालमीत ते बोलायचे कमी, वाजवायचे जास्त. वाद तापायला लागला की विषय तिथंच सोडायचे आणि काही काळानं त्याच जागेवर परत यायचे. मधल्या काळात निम्म्या वादांची हवा गेलेली असते, हा माझा अंदाज. संशोधकांचा निष्कर्ष नव्हे.

त्याहून गमतीची गोष्ट पुढाऱ्याची. पहिला व्हायोलिनवादक हाच बहुतेक वेळा म्होरक्या असतो. चांगल्या क्वार्टेटमध्ये तो सूत्रं हातात ठेवायचा, पण बोलताना मात्र आमच्यात लोकशाही आहे असंच म्हणायचा. बाकीचे तिघंही तसंच म्हणायचे. ढोंग म्हणा हवं तर. पण हे ढोंग चौघं मिळून सांभाळत होते आणि त्यावर काम चालत होतं. जिथं म्होरक्या खरोखरच गप्प बसायचा, तिथं गाडी अडायची.

आणि दुसरा व्हायोलिन. त्याला जवळजवळ पहिल्याइतकं चांगलं वाजवता यावं लागतं, नाहीतर क्वार्टेट लंगडतं. पण ठळक सुरावट बहुतेक वेळा पहिल्याकडे. अंगात तयारी असताना मागे राहायचं, तेही वर्षानुवर्षं. हे ज्यानं मनापासून पत्करलं आणि ज्याच्या सोबत्यांना त्याची जाण होती, तिथं घडी बसली. प्रत्येक बँडमध्ये असा एक जण असतो. त्याचं नाव पोस्टरवर बारीक अक्षरात असतं.

(दृश्य: जुना काळा-पांढरा फोटो, चार वादक.)

याच्या कितीतरी आधी, १९१७ मध्ये, बुडापेस्ट क्वार्टेट सुरू झालं. सुरुवातीलाच त्यांनी नियम ठरवले. वाद संगीताचा असो की व्यवहाराचा, मतदान होईल. पैसे चौघांना सारखे, म्होरक्याला जास्त नाही. बाहेरची कामं कुणी घ्यायची नाहीत. तालमीत आणि चर्चेत बायका-मैत्रिणी आणायच्या नाहीत. हा शेवटचा नियम आज कुणी कागदावर लिहायला धजणार नाही, पण हेतू कळतो. मतं चारच असावीत.

पण चार माणसांत मतदान म्हटलं की दोन विरुद्ध दोन होणारच. त्यावरही त्यांचा नियम होता. बरोबरी झाली तर जसं चाललंय तसं चालू राहील.

सगळ्यांत शहाणा नियम मला हाच वाटतो. बरोबरीत कुणीच हरत नाही. ज्याला बदल हवा आहे त्यानं आणखी एकाला पटवायचं, आणि तोवर वाजवायचं. हे क्वार्टेट १९६७ पर्यंत चाललं. गंमत म्हणजे, मूळच्या चौघांतला एकही जण १९३६ नंतर त्यात नव्हता. त्यानंतरचे चारही जण मूळचे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातले होते, नाव मात्र बुडापेस्ट. माणसं बदलली, नियम राहिले.

(दृश्य: फिरती तबकडी. सुई जवळून.)

पैशाकडे येऊ. नाहीतरी सगळं तिथंच येतं.

रेकॉर्ड विकली गेली की पैसे दोन वाटांनी येतात. एक वाट वाजवणाऱ्यांची, दुसरी गाणं रचणाऱ्याची. दुसऱ्या वाटेचे पैसे फक्त ज्याचं नाव गाण्याखाली आहे त्याला मिळतात. १९७५ मध्ये 'क्वीन' या ब्रिटिश बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. रचना फ्रेडी मर्क्युरीची. त्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं एक गाणं होतं. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या बाजूसाठी, पण प्रत्येक प्रतीमागे रचनेचे पैसे दोन्ही बाजूंना सारखे. टेलरचं भलं झालं, आणि हा विषय बँडमध्ये बरीच वर्षं धुमसत राहिला. अखेर १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी गाण्यांखाली एकेकट्याचं नाव घालणं सोडलं आणि सरसकट 'क्वीन' लिहिलं. त्यानंतर कोणतं गाणं घ्यायचं हे गाणं ऐकून ठरायला लागलं.

एवढा शहाणपणा सुचायला दीड दशक गेलं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या 'आर. ई. एम.' या बँडनं १९८० मध्ये सुरू झाल्यापासूनच गाणी चौघांच्या नावावर लावली. सारखी वाटणी सगळ्यांना रुचते असं नाही. दहा गाणी आणणारा आणि एक आणणारा एकाच मापानं मोजला, तर दहावाला कधीतरी कुरकुरणारच. पण पैसे येण्याआधी ठरलेली वाटणी गिळता येते. नंतर ठरवायला बसलं की वकील लागतो.

'बीटल्स'मध्ये वाटणी जागेची होती. अल्बममधली बहुतेक जागा लेनन आणि मॅकार्टनी यांची. जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला बहुधा दोन गाणी. १९६८ च्या ऑगस्टमध्ये आधी रिंगोच उठून गेला. परत आला तेव्हा त्याचा ड्रम सेट फुलांनी सजवलेला होता. जानेवारी १९६९ मध्ये जॉर्ज गेला. तोही आला, पण अटी घालून. येताना बिली प्रेस्टन या कीबोर्डवादकाला सोबत आणलं. पाहुणा खोलीत बसल्यावर चौघंही एकमेकांशी नीट वागायला लागले. घरात पाहुणा असताना नवरा-बायको वागतात तसंच. एप्रिल १९७० मध्ये फूट जगजाहीर झाली आणि त्याच नोव्हेंबरात जॉर्जनं एकट्याच्या नावावर तीन तबकड्यांचा संच काढला. त्यातली काही गाणी आधी बँडपुढे येऊन बाजूला पडलेली होती.

पाहुणा पगारी असला तर? २००१ मध्ये बेसवादक सोडून गेल्यावर 'मेटॅलिका'नं आपसातलं मिटवायला एक समुपदेशक नेमला. महिना ४०,००० डॉलर. नव्या बँडला हा खर्च झेपणारा नाही, म्हणून फुलांचा मार्ग बरा.

नावाचं मात्र फुलांनी भागत नाही. १९७४ च्या सुरुवातीला 'फ्लीटवूड मॅक'च्या मॅनेजरनं बँडचं नाव माझ्या मालकीचं आहे असा दावा केला आणि भलतेच वादक घेऊन अमेरिकेत त्याच नावानं दौरा काढला. खरे 'फ्लीटवूड मॅक' कोर्टात. नाव कुणाचं, माणूस गेला तर नाव कुणाकडे राहणार, हे कागदावर आणायला अर्धं पान पुरतं. ते अर्धं पान लिहिताना मैत्रीत अविश्वास कशाला, असं वाटतं, आणि राहून जातं.

(दृश्य: रिकामं स्टेज, साउंड चेक सुरू.)

माणूस जातोच कधी ना कधी. कामाला, संसाराला, किंवा कायमचा. मग काय करायचं याला एकच उत्तर नाही. अमॅडियस क्वार्टेटमध्ये १९४७ पासून तेच चौघं होते. १९८७ मध्ये व्हिओलावादक वारला आणि उरलेल्या तिघांनी काम थांबवलं. १९४६ चं ज्युलिअर्ड क्वार्टेट आजही वाजवतं, त्यात मूळचं कुणीच नाही. 'शक्ती'नं तिसरीच वाट काढली. जॉन मॅकलॉफ्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम सत्तरच्या दशकात काही वर्षं एकत्र वाजवून थांबले. १९९७ मध्ये नव्या रचनेत गट परत आला. पुढे विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश बसला, आणि २०२४ मध्ये याच नावाला ग्रॅमी मिळालं. मधली रिकामी वर्षं त्यांना बाधली नाहीत. दर आठवड्याला तालीम झालीच पाहिजे या हट्टापायी मोडलेले गट पाहिले, की ही मोकळीक जास्तच पटते.

आणि 'आर. ई. एम.'? १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, स्टेजवरच, ड्रमर बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो वाचला. १९९७ मध्ये त्यानं बँड सोडायचं ठरवलं, पण अट घातली. माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही. तिघांनी चालू ठेवलं. २०११ मध्ये त्यांनी आपणहून थांबायचं जाहीर केलं, कोर्टकचेरी न करता. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात चौघं पुन्हा स्टेजवर दिसले. बेरीसकट. एक गाणं वाजवलं. बँड परत सुरू करणार का, असं विचारल्यावर नाही म्हणाले.