संप गावांनी ठरवला होता

(दृश्य : पुणतांब्याचा गोदाकाठ, सकाळ. दूध संकलन केंद्रासमोर किटल्यांची रांग.)

निवेदन :
अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातलं पुणतांबा. चांगदेव महाराजांची समाधी इथलीच. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीचा फाटा फुटतो तोही इथूनच. एप्रिल 2017 मध्ये या गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला : 1 जूनपासून शेतकरी संपावर जाणार. दूध, भाजीपाला शहरात पाठवायचा नाही.

मोर्चे आणि रास्ता रोको महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले होते. तारीख नेता जाहीर करायचा आणि कार्यकर्ते गावोगाव निरोप न्यायचे. या वेळी हाक ग्रामसभेच्या इतिवृत्तातून आली, आणि पाठोपाठ इतर गावांनीही ग्रामसभा बोलावून तसेच ठराव केले. संपाचं खरं बळ या ठरावांमध्ये होतं.

(दृश्य : ओस पडलेली बाजार समिती. मोकळे ओटे.)

1 जूनला संप सुरू झाला. बाजार समित्यांमध्ये आवक घटली, शहरांत भाज्या कडाडल्या. 2 तारखेच्या रात्री मुंबईत मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी वाटाघाटी बसल्या. किसान सभा या डाव्या शेतकरी संघटनेचे अजित नवले त्या बैठकीतून बाहेर पडले. उरलेल्यांची बोलणी पहाटेपर्यंत चालली आणि 3 जूनला उजाडता उजाडता जाहीर झालं, संप मागे.

गावांनी ते मानलं नाही.

संप चालू राहिला. 5 जूनला महाराष्ट्र बंद झाला. नाशकात वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या, आंदोलनाची दिशा ठरवणारी सुकाणू समिती बनली. 11 जूनला मंत्रिगटाने तिच्याशी चर्चा केली आणि संपाची मुख्य मागणी, कर्जमाफी, तत्त्वतः मान्य झाली. 24 जूनला सरकारने 34,022 कोटी रुपयांची योजना जाहीर केली, मर्यादा दीड लाखाची.

पहाटेच्या त्या तडजोडीवर पुढे खूप चिखलफेक झाली. आपण तिकडे जायला नको. संपावर जायचं हे गावांनी मिळून ठरवलं होतं. तो थांबवायचा का, हे मात्र गावांना कुणी विचारलं नाही. शेतकरी संघटनेच्या कामातली सगळ्यात अवघड जागा हीच. मागणी करताना सभासदाला विचारणं त्यामानाने सोपं असतं. समोर मंत्री बसलेत, निम्मं द्यायला तयार आहेत आणि उत्तर आत्ता हवंय, अशा वेळी "गावाला विचारून सांगतो" म्हणायला फार मोठी तयारी लागते.

(दृश्य : कसारा घाट. उन्हात चालणारी माणसं, लाल टोप्या, भेगाळलेले पाय.)

नऊ महिन्यांनी, 6 मार्च 2018 ला, किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर. चालणाऱ्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसतात, पण सातबाऱ्यावर नाव नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा असेल, तर चार हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य केला आहे. त्या दाव्याची सुरुवातही ग्रामसभेतच होते. मोर्चातल्या कितीतरी माणसांना आपला दावा कुठे अडकलाय हे नेमकं ठाऊक होतं. मागणीपत्र त्यांच्या ओळखीचं होतं.

दहावीची परीक्षा होती. मुलांचा खोळंबा नको म्हणून मोर्चा रात्रीतून चालला आणि 12 मार्चच्या सकाळी आझाद मैदानात येऊन बसला. त्या दिवशी सरकारशी बोलणी झाली, लेखी आश्वासन मिळालं. मग मंत्री मैदानावर आले आणि काय मान्य झालं ते चालून आलेल्या माणसांसमोर सांगितलं गेलं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढायचे, असं त्यात होतं. पुढे अंमलबजावणी रखडली आणि लोकांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं, हेही खरंच. पण तेव्हा "हे आम्हाला विचारलंच नव्हतं" असं म्हणायची पाळी कुणावर आली नाही.

(दृश्य : विदर्भातलं एक घर. ओट्यावर बसलेली बाई, मांडीवर कागदांची पिशवी.)

आता विचारायचं म्हणजे कुणाला?

संघटनेची यादी बहुतेक सातबाऱ्यावरून बनते. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये, म्हणजे ज्यांच्या नावाने जमीन कसली जाते त्यांच्यात, बायकांचा वाटा जेमतेम 14 टक्के निघाला. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, कांदा लागवड तिच्या हातची. सभेचं बोलावणं मात्र घरातल्या पुरुषाच्या नावाने येतं. दुसऱ्याचं रान बटाईने करणाऱ्यालाही हीच अडचण. 1986 च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला फक्त बायकांचं अधिवेशन भरवलं, तेव्हा हा प्रश्न व्यासपीठावर आला होता. तो अजून पुरता सुटलेला नाही.

महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, या जाळ्याने महाराष्ट्रात जे काम केलं ते म्हणूनच सविस्तर पाहावं असं आहे. नवऱ्याने आत्महत्या केल्यानंतर शेतकरी बाई कशी जगते, हे कळावं म्हणून कार्यकर्त्यांनी विदर्भ-मराठवाड्यातल्या 11 जिल्ह्यांत 505 जणींना विचारलं. जमीन तुमच्या नावावर झाली का? घराचं काय? पेन्शन सुरू आहे का, असते हे तरी माहीत आहे का? सुमारे 40 टक्के बायकांना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. पेन्शन आपल्याला मिळू शकते हेच जवळपास तिघींमागे एकीला माहीत नव्हतं.

या उत्तरांतून मागण्या तयार झाल्या. नोव्हेंबर 2018 मध्ये त्या बायका स्वतः आझाद मैदानात आल्या. जून 2019 मध्ये सरकारने आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रियांसाठी शासन निर्णय काढला. घोषणा देणाऱ्याचं अधिकारी ऐकून घेतो आणि त्याला वाटेला लावतो. 505 घरांची उत्तरं समोर ठेवल्यावर त्याला उत्तर द्यावं लागतं.

(दृश्य : गावातलं मंदिर, रात्रीचे आठ. सतरंजीवर माणसं, मध्ये फळा.)

संघटनेला मदत करायची तर ती इथे हवी. सभा कधी ठेवायची, इथपासून. धारा काढून झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर. कांदा काढणीच्या दिवसांत तर नकोच. बायकांची बैठक वेगळी, त्यांच्या सवडीने, आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत. विषय एका वेळी एकच. "शेतीमालाला भाव मिळालाच पाहिजे" यावर सगळे हात वर करतात, पण त्यातून हाती काही येत नाही. "आपल्या सोयाबीनचा एकरी खर्च किती, त्यात घरच्या माणसांची मजुरी आणि जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, धरलं का" असं विचारलं की फळा भरायला लागतो.

हमीभावाचा वाद याच आकड्यांवर अडलेला आहे. स्वामिनाथन आयोगाने 2006 मध्ये उत्पादन खर्चावर किमान पन्नास टक्के जास्त हमीभाव असावा असं म्हटलं. केंद्र सरकार दीडपट धरतं ते प्रत्यक्ष खर्च अधिक घरच्या मजुरीवर. संघटनांना त्यात जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही हवंय. राज्यात खर्चाच्या नोंदींचं सरकारी काम राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. संघटनेने शे-दीडशे घरांत स्वतःच्या वह्या चालवल्या, तर त्या नोंदींशी ताडून बोलता येईल. 1980 च्या सुमाराला चाकणच्या कांद्याचा खर्च मांडूनच शरद जोशींनी आंदोलन उभं केलं होतं.

(दृश्य : दिल्लीच्या वेशीवरची सिंघू सीमा, आंदोलक शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांची रांग, लंगर.)

21 जानेवारी 2021. तीन कृषी कायदे दीड वर्ष स्थगित ठेवू, असा प्रस्ताव केंद्राने आदल्या दिवशी दिला होता. वाटाघाटीला गेलेल्या नेत्यांनी तिथल्या तिथे होकार दिला नाही. संयुक्त किसान मोर्चा, म्हणजे आंदोलक संघटनांची आघाडी, तिच्या सर्वसाधारण सभेत त्यावर चर्चा झाली आणि प्रस्ताव नाकारला गेला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संसदेने कायदे मागे घेतले.

ते कायदे जून 2020 मध्ये वटहुकमाने आले होते. कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवून मतं मागवावीत, असं धोरण केंद्राने 2014 मध्येच ठरवलं आहे. ते दर वेळी पाळावं, राज्यानेही तसंच करावं, अशी मागणी प्रत्येक शेतकरी संघटनेने लावून धरली पाहिजे.

पण तीस दिवस मिळाले तरी ते भराभर जातात. मसुदा बहुधा इंग्रजीत असतो. पहिल्या आठवड्यात त्याचा पानभर मराठी सारांश तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे पोचला, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गावोगावी सभा झाल्या, आणि चौथ्यात इतिवृत्तं एकत्र करून हरकती दाखल झाल्या, तर सरकारी फायलीत त्या गावांची नावं लागतील. सारांश लिहायला कायदा जाणणारा माणूस हवा, गावात सभा घेणारी मुलं-मुली हव्यात, आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कुणीतरी उचलायला हवा.