गंजाखालचा ५४

(चाकाच्या आऱ्यांमधून कॅमेरा सावकाश आत सरकतो.)

धुऊन पुसून ठेवलेलं चाक. पाच रुंद आरे, मधून भरपूर उजेड. आणि त्या उजेडात दिसणारा हा लोखंडाचा गोळा, पाणी, चिखल आणि उष्णता सोसून तांबूस पडलेला. याला कॅलिपर म्हणतात. ब्रेकवर पाय पडला की चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही अंगांनी धरणारी पकड ती हीच.

गाडी बारा वर्षांची आहे. ताईची. तिला हे कॅलिपर लाल हवेत आणि रंगवायचेत स्वतःच्या हाताने. कॅमेरा माझ्याकडे.

(गाडी समोरून येते, थांबते. नाक किंचित खाली झुकतं.)

१२०० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटरने येते आणि थांबते. येताना तिच्या अंगात २४० किलोज्यूल ऊर्जा असते. थांबेपर्यंत त्यातली बहुतेक सगळी ब्रेकमध्ये जाते, उष्णता होऊन. तेवढ्या उष्णतेवर जवळपास पाऊण लिटर पाणी उकळायला येईल. हे झालं एकदा थांबण्याचं. घाट उतरताना असं किती वेळा होतं, ते घाट उतरणाऱ्याला माहीत असतं. गाडीचं नाक खाली झुकलेलं दिसलं ना? त्या वेळी वजन पुढे येतं, म्हणून पुढच्या ब्रेकवर भार जास्त असतो. आम्ही पुढूनच सुरुवात केली.

कॅलिपरला साधा ऑइलपेंट का चालत नाही, तेही यातच आलं. तो तापला की पिवळा पडतो, मऊ होतो, मग पोपडे धरतो. ताईने आणलेल्या डब्यावर २६० अंश सेल्सिअस लिहिलं आहे. शिवाय या रंगाला आणखी एक शत्रू असतो, ब्रेक ऑइल. डॉट ३, डॉट ४ ही नेहमीची ब्रेक ऑइलं ग्लायकॉल जातीची. एक थेंब साध्या रंगावर पडला तरी रंग सुरकुततो. म्हणून इथे दोन भागांचा इपॉक्सी रंग, ज्यात तो घट्ट करणारं दुसरं द्रव, हार्डनर, ऐन वेळी मिसळायचं असतं.

(नट, पाना, जॅक.)

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल. मागच्या चाकांना ठोकळे. मग जॅक, जॅकच्या ठरलेल्या जागीच, आणि जॅकशेजारी स्टँड. गाडीचं वजन स्टँडवर आल्याशिवाय ताई हात आत घालत नाही. हे दृश्य मी मुद्दाम पूर्ण ठेवलं आहे, कापलेलं नाही.

चाक निघालं. आता पहिल्यांदा हा भाग मोकळ्या उजेडात आहे.

(काळं पाणी तसराळ्यात ओघळतं.)

हे काळं पाणी बघा. ही डिस्कची आणि तिला दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या पॅडची झीज, बारा वर्षांची. हवेचा झोत मारून ही धूळ उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी हा बारीक चुरा छातीत जाऊ नये. म्हणून तोंडाला मास्क, धूळ आधी ओली करायची आणि खाली तसराळं. पाण्याने एकदा, ब्रेक क्लीनरने दोनदा.

त्यानंतर तारेचा ब्रश.

इथून पुढची बरीच मिनिटं फक्त घासणं आहे, आणि ती मला कमी करवली नाहीत. रंगकामाचे बरेचसे व्हिडिओ ब्रशचे दोन फटकारे दाखवून थेट लाल रंगावर येतात. कामाचा खरा वेळ मात्र इथे जातो. एका कॅलिपरला ताईला पावणेदोन तास लागले. त्यातला रंग लावण्याचा वेळ वीस मिनिटं. गंज वरवरचा असेल तर ओतीव लोखंडाला त्याने फारसं काही होत नाही, पण सुटणाऱ्या गंजावर लावलेला रंग गंजासकट सुटतो. आधी सुटी खपली जायला हवी, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८० नंबरचा. लोखंड आरशासारखं करायचं नसतं. बोटाला किंचित खरखर लागली पाहिजे, रंग त्या खरखरीला धरतो.

(जवळून. ब्रश थांबतो. अंगठा धूळ पुसतो.)

आणि हे.

गंजाखालून अक्षरं वर येताहेत. ओतकामातच उठवलेली. आधी एक बाण, मग काही खुणा, आणि हा आकडा, ५४. बऱ्याच कॅलिपरवर आतल्या पिस्टनचा, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याचा, व्यास असा मिलिमीटरमध्ये ओतलेला असतो. ५४ मिलिमीटरचा पिस्टन म्हणजे साधारण २३ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ. जोरात ब्रेक दाबताना नळीतला दाब ५० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण पन्नास पट, धरला, तर या पिस्टनमागे ११०० किलोहून जास्त वजनाइतका जोर उभा राहतो. म्हणजे ही अख्खी गाडी पिस्टनवर ठेवल्यासारखं. आणि तो जोर झेलत हा गोळा वाकायचा नसतो. त्याच्या अंगाची जाडी, डिस्कवरून जाणारा मधला पूल, हे कोपरे, सगळं त्यासाठी.

ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. ते चित्रात आहेच.

(कॅलिपर वर उचलला जातो, तारेने स्प्रिंगला टांगला जातो.)

जागेवर ठेवूनही कॅलिपर रंगवता येतो. ताईने तो दोन बोल्ट काढून सोडवला आणि तारेने स्प्रिंगला टांगला. होज पाइपवर लोंबकळत ठेवला नाही. त्या रबरी नळीने ब्रेक ऑइलचा दाब वाहायचा असतो, लोखंडाचं ओझं नव्हे. नळी जोडलेलीच ठेवली, म्हणून ब्रेकमध्ये हवा शिरायचा प्रश्न आला नाही.

सोडवला म्हणून पॅड बाहेर आले. आणि पॅड बाहेर आले म्हणून हे दिसलं.

डावीकडचा पॅड बाहेरच्या बाजूचा, त्यावर सात मिलिमीटर माल शिल्लक. उजवीकडचा आतला. त्यावर जेमतेम तीन. एकाच चाकातले, एकाच दिवशी बसवलेले.

हा सरकता कॅलिपर आहे. पिस्टन एकाच बाजूला, आत. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन सरकेनाशी झाली की बाहेरचा पॅड निम्मंच काम करतो आणि आतला एकटा झिजत राहतो.

(वरची पिन बोटाने सहज फिरते. खालची फिरत नाही. पान्याने ओढून निघते. वर वाळलेलं, तपकिरी ग्रीस.)

खालची पिन. ग्रीसचा डिंक झालेला. चाक न काढता हे दिसलंच नसतं, कारण आऱ्यांमधून फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आणि तो तर छान जाड होता. ताईने पिन पुसली, तिची खोबणी आतून पुसली, आणि ब्रेकसाठीच मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथे लावत नाहीत. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाने फुगतं, आणि फुगलेलं रबर पिनेला पुन्हा धरून ठेवतं.

पॅड दोन्ही बाजूंचे नवे बसवले. ते चित्रित केलेलं नाही.

(चिकटपट्टी. कात्री. पुन्हा चिकटपट्टी.)

आता झाकाझाक. पिस्टनच्या तोंडावरचा रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारं टोपण, पिनांवरचे छोटे बूट, होज पाइप, सेन्सरची वायर, आणि वरचं हे निपल, ज्यातून ब्रेकमधली हवा काढतात. निपलच्या आट्यात रंग गेला तर पुढच्या वेळी ते सुटत नाही, बळ लावलं तर तुटतं. डिस्कला प्लास्टिकची पिशवी. पॅड जिथे टेकून सरकतात त्या धातूच्या पट्ट्यांवर आणि चाक जिथे हबला, म्हणजे मधल्या फिरत्या भागाला, बसतं त्या सपाटीवर रंगाचा ठिपकाही नको. रंगाचा थर कितीही पातळ असला तरी तिथे तो मध्ये येतो, नट सैल होतात. पॅडला रंग लागला तर पॅड टाकून द्यायचा.

स्प्रे की ब्रश, यावर मला एक सांगायचंय. स्प्रे दिसायला सोपा. पण तो डोळ्यांना दिसत नाही अशा ठिकाणीही पोचतो, पॅडवर, डिस्कवर, रबरावर. झाकायचं काम तिपटीने वाढतं. आणि हार्डनर मिसळलेल्या काही स्प्रेंमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्याला साधा कापडी मास्क पुरत नाही. ब्रश जिथे नेला तिथेच रंग जातो. ब्रशच्या रेघा राहतील अशी भीती सगळ्यांना असते. हा रंग लावल्यावर आपोआप पसरतो, रेघा मिटतात. पुढच्या दृश्यात बघा.

(पहिला फटकारा. करड्या लोखंडावर लाल.)

(निवेदन थांबतं. बारा सेकंद.)

पहिला हात पातळ. लोखंड खालून दिसत राहिलं तरी हरकत नाही. ते एकाच हातात झाकायला गेलं की ओघळ येतात, आणि ओघळ वाळला की तो घासूनच काढावा लागतो. पंधरा मिनिटांनी दुसरा हात, आडवा. मग तिसरा, फक्त समोरच्या बाजूला आणि पुलावर. अक्षरांच्या खाचा भरून जाऊ नयेत म्हणून ५४ भोवती ताईने ब्रश जवळजवळ कोरडा करून घेतला. मिसळलेला रंग काही तासच कामाचा राहतो, नंतर डब्यातच घट्ट होतो, तेव्हा मिसळायचा तो एका बैठकीपुरता.

(संध्याकाळ. टांगलेला लाल कॅलिपर. प्रकाश बदलत जातो.)

आता चोवीस तास हात लावायचा नाही. दाखवण्यासारखं काही घडत नाही, म्हणून या वेळात थोडं मागचं सांगतो.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. त्यांच्या ब्रेकमध्ये तांब्याचे पॅड धातूच्या डिस्कवर घासायचे आणि भयंकर किंचाळायचे. पुढची अनेक दशकं गाड्या ड्रम ब्रेकवरच धावल्या, ज्यात चाकातल्या बंद पिंपाला आतून घासून गाडी थांबते. १९५३ साली फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची मोटार शर्यत जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली आणि तिथून जगाचं लक्ष इकडे वळलं. तापलेला ड्रम फुगतो, पकड ढिली होते. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, ती लवकर निवते.

उघड्यावर असते म्हणूनच ती दिसते. पत्र्याच्या चाकांवर टोपी असायची तोवर आत काय आहे हे कोणी बघत नव्हतं. अलॉय चाकं आली, आरे मोकळे झाले आणि कॅलिपरला रंग आला. इटलीतल्या बर्गामोजवळ १९६१ मध्ये सुरू झालेल्या ब्रेम्बो या ब्रेक कंपनीचे लाल कॅलिपर तर आता दुरूनही ओळखू येतात. पोर्शेने रंगाला अर्थही दिला. पिवळा कॅलिपर म्हणजे आत सिरॅमिक डिस्क, पांढरा म्हणजे डिस्कवर टंग्स्टन कार्बाइडचा लेप, पोपटी म्हणजे हायब्रिड गाडी.

ताईच्या लाल रंगामागे असं काही नाही. रंगाने गाडी एक इंचही लवकर थांबत नाही, ब्रेक थंडही राहत नाहीत. तिला तो आवडतो. मला विचाराल तर गाडीवर पैसे आणि वेळ घालवायच्या इतर बहुतेक हौसांपेक्षा ही हौस चांगली, कारण हिच्या वाटेत ब्रेक लागतात. काचेला काळी फिल्म लावताना कोणाला गाइड पिन जाम झालेली कळत नाही.

(दुसरा दिवस. चिकटपट्टी निघते. लाल आणि करडं यांच्यामधली सरळ रेघ.)

पट्टी सावकाश, स्वतःवर दुमडत काढायची. एका कोपऱ्यात रंग पट्टीबरोबर उचलला गेला, तो काडीने पुन्हा लावला.

कॅलिपर जागेवर. बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. नव्या पॅडसाठी पिस्टन आत ढकलला होता, त्यामुळे टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढलं होतं. ते सांडलं तर बॉनेटचा रंग जातो, म्हणून खाली फडकं. चाक चढलं, नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले, शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर.

आणि गाडी सुरू करून हलवण्याआधी ब्रेक दाबायचा. पहिल्या दाबाला पाय जमिनीपर्यंत गेला. दुसऱ्याला निम्मा. चौथ्याला घट्ट. ही पायरी विसरली तर गाडी थांबत नाही.

डाव्या चाकाचंही काम असंच झालं. तिथे दोन्ही पिना मोकळ्या निघाल्या. मागची दोन राहिली आहेत.

(चाक फिरतं. आरे धूसर होतात. मागे लाल रंग स्थिर.)

चाक कितीही वेगात फिरलं तरी कॅलिपर जागचा हलत नाही. म्हणून चालत्या गाडीत आरे पुसट होतात आणि लाल तेवढा स्पष्ट राहतो.

(गाडी थांबते. दार उघडतं. ताई उकिडवी बसते.)

८० किलोमीटर झाल्यावर ती नट पुन्हा तपासते आहे. पाना एकेका नटावर लागतो, टक्‌ वाजतो, पुढच्यावर जातो. पाचही जागेवर आहेत. मग ती आऱ्यांमधून बोट आत घालते आणि धूळ पुसून ५४ बघते.