बंद दाराबाहेर

[रबाळे एमआयडीसी. सकाळ. गाळ्याचं शटर वर जातं. कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला होते.]

हा पोलादी ठोकळा नीट बघा. आत सोळा पोकळ्या आहेत. प्रत्येकीत एक गाभा बसतो, त्याला कोअर म्हणतात, आणि बाटलीच्या झाकणाचे आटे त्यावर उलटे कोरलेले आहेत. गाळ्यात याला मोल्ड म्हणतात. वरून ग्रीसचा थर दिसतोय तो गंज धरू नये म्हणून. मोल्ड गाळेमालकांचा नाही, ठाण्यातल्या एका कंपनीचा आहे. त्याच कंपनीकडे यांचे पैसे अडकलेत. तरी दर पंधरा दिवसांनी ते स्वतः येऊन ग्रीस लावतात.

[ग्रीसने माखलेली बोटं. क्लोजअप.]

अकरा वर्षं या मोल्डवर झाकणं निघाली. मग झाकणाच्या कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा यायला लागला. कारागीर त्याला फ्लॅश म्हणतात. झाकण घट्ट बसेना, बाटल्या पाझरायला लागल्या. कंपनीनं माल परत पाठवला, डेबिट नोट काढली, म्हणजे त्या मालाचे पैसे यांच्या नावे वजा केले, आणि मागची बिलंही थांबवली. एकूण ३७ लाख. गाळेमालकांचं म्हणणं, मोल्ड झिजलाय, मोल्ड तुमचा, दुरुस्ती तुमची. कंपनीचं म्हणणं, मोल्ड तुमच्या ताब्यात, देखभाल तुमची. शेवटी यांनी सांगितलं, पैसे येईपर्यंत मोल्ड हलणार नाही. आणि ताडपत्री टाकली.

[वागळे इस्टेट. टेम्पो, हातगाड्या, गाळ्यांच्या पाट्या. पुढे ठाणे-बेलापूर रस्ता.]

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली उभं राहिलं. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. मग खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे असा पट्टा भरत गेला. इथे मोठ्या कंपनीच्या सावलीत पुरवठादारांचे पंचवीस-पन्नास गाळे चालतात. माल फोनवर ठरतो, चलन फाडून टेम्पो निघतो, पर्चेस ऑर्डर कधीकधी मागून मेलवर येते. सगळं सुरळीत असतं तेव्हा हीच इथली ताकद. बिघडलं की वकील विचारतात, ‘देखभाल कुणी करायची, हे लिहिलंय कुठे?’ लिहिलेलं नसतं.

गाळेमालकांच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी कायदा समजावून सांगितला होता. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा लहान पुरवठादाराला बळ देतो. करारात कितीही मुदत लिहा, ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. वकील म्हणाले, ‘शेठ, कायदा तुमच्या बाजूनं आहे.’ शेठ म्हणाले, ‘ते खरं हो वकीलसाहेब. पण दावा लावल्यावर पुढची ऑर्डर कोण देणार?’

मध्यस्थीवरची ही फिल्म करावीशी वाटली ती या प्रश्नामुळे.

[ठाणे, कोर्ट नाका. काळे कोट, चहाची टपरी, हातात फायली.]

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणत आलो. इथे आता कायदाच सांगतो की पायरी चढण्याआधी एक दार ठोठावून या. व्यापारी न्यायालयांचा कायदा २०१५ चा. त्यात २०१८ साली कलम १२अ आलं. तीन लाख आणि त्यावरचा व्यापारी वाद असेल, आणि न्यायालयाकडून तातडीचा अंतरिम दिलासा, म्हणजे निकालाआधीच लगेच एखादा आदेश, नको असेल, तर दावा दाखल करण्याआधी मध्यस्थी. बरीच वर्षं हे ऐच्छिक आहे असं समजून दावे लागत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हे बंधनकारक आहे. मग काही जण दाव्यात ‘तातडी’ लिहून बाजूनं निघू लागले. २०२३ मध्ये तीही वाट अरुंद झाली. नुसतं तातडी म्हणून भागत नाही, दाव्यात ती दिसावी लागते.

[फॉर्म भरणारा हात. शिक्का. नोटिशीचा लिफाफा.]

मध्यस्थीसाठीचा हा फॉर्म जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. फी हजार रुपये. समोरच्याला नोटीस जाते. तो आलाच नाही, तर मध्यस्थी सुरूच झाली नाही असा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते. आला, तर तीन महिने, दोघांची संमती असेल तर आणखी दोन. तेवढा काळ मुदतीच्या कायद्यात धरला जात नाही, म्हणजे दावा मुदतबाह्य होण्याची भीती नाही. दहा ते पन्नास लाखांच्या वादात मध्यस्थाची फी ३० हजार, दोघांत अर्धी-अर्धी. हा लिफाफा हातात पडल्यावर समोरचा येतो की नाही, सगळं त्यावर आहे. आमच्या मते इथेच सगळ्यात जास्त जोर लावायला हवा. केवळ अहवालाचा कागद मिळवायला फॉर्म भरणं म्हणजे हातातली संधी टाकणं आहे.

[जुन्या वाड्याचा चौक, पार. मोडी लिपीतला कागद.]

शेठ आधी विचारायचे, ‘मध्यस्थ निकाल काय देईल?’ त्यांच्या डोक्यात पंच होते. आपल्याकडे गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, निर्णयाचा महजर लिहिला जायचा. पंच ठरवायचे. आजचा लवादही ठरवतो, निवाडा देतो. मध्यस्थ ठरवत नाही. तो दोघांना बोलतं करतो, मग एकेकाला वेगळं बसवून ऐकतो, आणि ‘हे मी पलीकडे सांगू का?’ असं विचारूनच सांगतो. सही करायची की नाही, हे शेवटपर्यंत त्या दोघांच्याच हातात.

[बंद दार. बाहेर बाक. चहाचा ट्रे आत जातो.]

आमचा कॅमेरा इथेच थांबला. मध्यस्थीच्या २०१८ च्या नियमांनुसार बैठकीचं चित्रण किंवा ध्वनिमुद्रण करता येत नाही. आत काय बोलणं झालं, हे आम्ही कुणालाही विचारलं नाही. तीन बैठका झाल्या. आम्ही बाहेर बसून राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांना, कंपनीच्या लोकांना एकच विचारत राहिलो: तुम्हाला मध्यस्थीतून हवं तरी काय?

कंपन्या आधी वेळ म्हणतात. पैसा त्याच्या मागोमाग. २०१६ ते २०१७ मध्ये सिंगापूरपासून लंडनपर्यंत ग्लोबल पाउंड कॉन्फरन्स या नावानं परिषदा झाल्या. तिथेही कंपन्या, वकील, मध्यस्थ यांना असेच प्रश्न विचारले होते. वेळ आणि खर्च वाचणं, हे पक्षकारांचं पहिलं उत्तर होतं. दुसरं आमच्या शेठच्या अगदी जवळचं. वकिलांनी लढण्यापेक्षा जोडीनं मार्ग काढावा, ही अपेक्षा वाढते आहे. बदलाच्या आड कोण येतं, या प्रश्नावर मात्र बोट बाहेरच्या वकिलांकडे गेलं, आणि बदल घडवतील ते कंपन्यांचे स्वतःचे कायदा अधिकारी, असं दिसलं.

[वकील फाइल बंद करून कॅमेऱ्याकडे बघतात.]

वकिलांची बाजूही ऐका. त्यांना धंदा कळणारा मध्यस्थ हवा आहे. फ्लॅश म्हणजे काय, हे समजावण्यात पहिली बैठक जाऊ नये. वेगळ्या बैठकीत ‘तुमची ही बाजू लंगडी आहे’ असं अशिलाला तोंडावर सांगणारा हवा. वकिलानं तेच सांगितलं तर अशील म्हणतो, तुम्ही कुणाचे? कागद पक्का हवा, आणि तो आहे. कलम १२अ खालच्या समझोत्याला लवादाच्या निवाड्याइतकी ताकद असते. आणि समोरून असा माणूस हवा, ज्याच्या हातात सही आहे. नियमानुसार एकटा वकील किंवा अधिकृत प्रतिनिधी पाठवला तरी चालतं. पण ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस आला की बैठक वाया गेली म्हणून समजा. हे आम्हाला दोन्ही बाजूंच्या वकिलांनी सांगितलं.

तिसऱ्या बैठकीला कंपनीचे पर्चेस हेड स्वतः आले. हा तेव्हाचा शॉट.

[लिफ्टचं दार उघडतं. दोघं समोरासमोर. ‘नमस्कार साहेब.’ ‘बसा शेठ, बसा.’]

समझोता झाला. अटी त्यांच्या त्यांच्यात. या सगळ्या काळात गाळ्यातली तीन माणसं सोडून गेली.

[रबाळे. चेन पुली. मोल्ड हळूहळू वर उचलला जातो.]

टूलरूममधून, म्हणजे मोल्ड दुरुस्त होतात तिथून, मोल्ड परत आलाय. आत नवे कोअर बसवलेत. दोन कारागीर तो मशीनवर चढवतात. ‘दादा, थोडं डावीकडे.’ बोल्ट आवळले जातात. पहिल्या काही वेळची झाकणं फेकून द्यायची असतात, ती फेकली. मग मशीन मिटतं, उघडतं, आणि सोळा झाकणं क्रेटमध्ये पडतात.

पर्चेस हेड एक झाकण उचलतात. कडेवरून नख फिरवतात. पाण्यानं भरलेली बाटली मागवतात, झाकण लावतात, बाटली उलटी धरतात.

[बाटली. शेठचा चेहरा. मशीनचा आवाज.]