शेवटच्या रांगेतून

श्रोतेहो, नमस्कार.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांना ऑर्गनची साथ करणारा माणूस. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग, एवढी ही आमची झाडी. इथं धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागल्या की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाट्यमंडळांच्या दुकानांपुढं लोकांची रीघ लागते. तारखा ठरतात, आणि मग होळीपर्यंत माझी रात्र म्हणजे कुठलीतरी बांधी, धानाचं शेत. परवापर्यंत जिथं धान उभं होतं, तिथं मंच बांधतात, कनात लावतात. रात्री दहा-अकराला नांदी होते आणि पहाटे पाचच्या सुमारास पडदा पडतो. दिवसा त्याच गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला, तर घरोघरी पाहुण्यांची ताटं मोजता येत नाहीत.

अशा माणसानं मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस पाहिलं, त्याबद्दल आज बोलणार आहे.

माझा भाचा मुंबईत नोकरीला आहे. "मामा, एकदा याच," म्हणून दोन वर्षं मागं लागला होता. यंदा पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावून झाले, पावसानं थोडी उसंत दिली आणि मी निघालो. वडशाहून गोंदिया, तिथून विदर्भ एक्सप्रेस. सकाळी दादरला उतरलो, लोकल बदलून चर्नी रोड. टॅक्सीवाल्याला नुसतं 'ऑपेरा हाऊस' म्हटलं की पुरतं. भाचा सांगत होता की हे थिएटर १९९३ साली बंद पडलं, पण त्या भागाचं नाव काही बदललं नाही. तेवीस वर्षं दाराला कुलूप आणि लोकांच्या तोंडी मात्र नाव ऑपेरा हाऊसच. ते ऐकून मला फार बरं वाटलं. लोकांच्या बोलण्यात ती जागा तशीच राहिली होती.

इमारतीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९११ साली राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा बांधकाम पुरतं झालंही नव्हतं. पुढं बालगंधर्व इथं गायले, मास्टर दीनानाथ गायले, मास्टर कृष्णराव गायले, पृथ्वीराज कपूर यांनी नाटकं केली. मग सिनेमाचा काळ आला आणि रंगमंचावर पांढरा पडदा चढला. १९५२ मध्ये सौराष्ट्रातल्या गोंडल संस्थानच्या महाराजांनी ती इमारत विकत घेतली. सिनेमाचाही प्रेक्षक आटला तेव्हा दार बंद झालं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या हाताखाली जीर्णोद्धार झाला आणि २०१६ च्या ऑक्टोबरात तिथं पुन्हा गाणं झालं. पुढच्याच वर्षी युनेस्कोनं त्या कामाचा सन्मान केला. आता तिथं मैफली होतात, नाटकं होतात, नाचाचे कार्यक्रम होतात.

आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा मान वर जाते. सोनेरी नक्षी, झुंबरं, लाल गाद्यांच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना सज्जे. घुमटाचे आठ भाग आहेत आणि ते कवींना, नाटककारांना वाहिलेले आहेत. आमच्याकडे नाटककाराचं नाव जीपवरच्या भोंग्यातून गावोगाव फिरतं, आणि इथं लेखकांना थेट छतावर मान दिलेला. भाचा फोटो काढत होता. मी मंचाकडे पाहत उभा होतो. मंचासमोर वादकांसाठी खोलगट जागा आहे. साथीदारानं बसावं कुठं, याचा विचार इमारत बांधतानाच झालेला होता. चाळीस वर्षं मी मंचाच्या कडेला, वायरींच्या गुंत्यात जागा करून बसत आलो आहे. ती जागा पाहून माझं मन भरून आलं.

आमची तिकिटं सगळ्यांत स्वस्त, म्हणजे वरच्या बाल्कनीत, अगदी मागची रांग. भाच्याला वाईट वाटत होतं. "मामा, पुढच्या वेळी खालची काढू." मी म्हटलं, "राहू दे बाप्पा, मले इथूनच आयकायचं हाय."

आणि ते ऐकणं मी जन्मात विसरणार नाही.

शास्त्रीय गायनाची सभा होती. गायिका येऊन बसल्या, मागं दोन तानपुरे. षड्ज लागायच्या आधी तानपुऱ्याची तार नुसती छेडली, तर ती वरपर्यंत आली. मोठी होऊन आली नाही, जेवढी होती तेवढीच आली. जवारीची ती झिणझिण मला शेवटच्या रांगेत वेगळी ऐकू येत होती. मंद्रातला स्वर हलका लावला तरी त्याची कड तुटत नव्हती. तबल्याच्या चाटेवरचं, म्हणजे कडेवरचं, बोट आणि डग्गा दाबताना निघणारा घुमार, दोन्ही आपापल्या जागी. माइक होता, पण त्याचा आवाज कानावर आदळत नव्हता.

मध्यंतरात भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं. या सभागृहाचं छत बांधतानाच असं रचलं होतं, की सगळ्यांत वर गॅलरीत बसलेल्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू जावा. मी त्याला ते परत वाचायला लावलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी स्वस्त तिकिटाच्या माणसाचा कान मनात धरून छत बांधलं होतं! सोनेरी नक्षीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटली. आणि जीर्णोद्धार करणाऱ्यांनी भिंती रंगवल्या, नक्षी जोडली, पण छताखालचा हा आवाज सांभाळला, हे त्यांचं खरं काम.

हे कसं घडतं, तेही सांगतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. सपाट, कठीण भिंत आवाज जसाच्या तसा परत फेकते. समोरासमोर दोन सपाट भिंती असल्या की आवाज त्यांच्यात येरझाऱ्या घालतो आणि शब्दावर शब्द चढतो. आपल्याकडच्या बहुतेक सिमेंटच्या सभागृहांत हेच होतं. गुळगुळीत गिलावा, वर पत्रा, खाली फरशी. मंगलाष्टकं कळत नाहीत तिथं नाट्यपद काय कळणार? जुन्या रंगमंदिरात नक्षीचे उंचवटे असतात, सज्जे असतात, पडदे, गाद्या असतात. आवाज त्यांच्यावर फुटतो, थोडा शोषला जातो, थोडा मऊ होऊन परतून येतो. आणि माणसं! भरलेलं सभागृह रिकाम्यापेक्षा वेगळं वाजतं, कारण माणसाच्या अंगावरचे कपडेही आवाज पितात.

आमच्या बांधीत याच्या उलट. तिथं आवाज परत द्यायला काहीच नाही. वर आभाळ, चारी बाजूंना कनात, पलीकडे धुरे, म्हणजे शेताचे बांध, आणि तणशीचे, धानाच्या पेंढ्याचे ढीग. आवाज गेला की गेला. म्हणून झाडीचा नट खड्या आवाजाचा. त्यात रात्र चढते तसं दव पडतं. तबल्याची पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. आमचे तबलजी दोन अंकांच्या मधे शेकोटीजवळ तबला घेऊन बसतात. ऑर्गनचे सूर पितळी पात्यांचे, ते तबल्याबरोबर खाली उतरत नाहीत. मग त्यांनाच हातोडी घेऊन माझ्यापर्यंत चढत यावं लागतं. पहाटे चारच्या थंडीत हा खटाटोप करणाऱ्या माणसाला मी कलावंतच म्हणतो. त्याच मातीतून परशुराम खुणे यांच्यासारखा नट उभा राहिला आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा अख्ख्या झाडीनं पेढे वाटले.

म्हणून मी मुंबईच्या त्या खुर्चीत बसून मनात एक हिशोब करत होतो. आमच्या भागात एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक पैशातून सभागृह बांधलेलं आहे. मी त्याच्या उद्घाटनाला वाजवलं होतं. पहिली दोन-तीन वर्षं कार्यक्रम झाले. मग छत गळू लागलं, कुणी पाहिलं नाही, दाराला कुलूप लागलं. मागच्या पावसाळ्यात मी खिडकीतून डोकावलो तर मंचावर पोती रचलेली. ती इमारत काही शंभर वर्षांची नाही. माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान आहे. तिला वास्तुविशारद नको, युनेस्को नको. गळती बंद करा, भिंतींना जाड पडदे लावा, आणि महिन्यातून दोनदा गाणं ठेवा. भजनी मंडळ बोलवा, दंडारवाले, आमच्या लोकनाट्याचे कलावंत, बोलवा, शाळेची पोरं बोलवा. ती जागा पुन्हा उभी राहील. ज्यांच्या हाती किल्ली आहे, त्यांना मी दोन अर्ज दिले आहेत, तिसराही देणार आहे.

पण अर्जाची वाट पाहत हंगाम थांबत नाही.

दिवाळीनंतर आमचा पहिला प्रयोग लागला. नाटकाच्या आधी ध्वनिक्षेपकवाला आवाज तपासत होता. दरवर्षी मी मंचावर माझा ऑर्गन लावत बसतो. या वेळी मुलाला म्हटलं, तू पट्टी धर. मी उतरलो आणि लोकांतून वाट काढत कनातीपर्यंत गेलो. तिथं बायाबापड्या बोरे, म्हणजे गोणपाटं, अंथरून, पोरं कुशीत घेऊन बसल्या होत्या. इतकी वर्षं वाजवून मी तिथं कधी उभाही राहिलो नव्हतो! तिथून ऐकलं आणि मला लाज वाटली. सूर म्हणजे नुसता गोंगाट, आणि पदाचा एक शब्द कळेना. दोन्ही मोठे कर्णे एकमेकांच्या तोंडावर रोखलेले होते.

आम्ही तासभर खपलो. कर्ण्यांची तोंडं फिरवली, आवाज निम्म्यावर आणला, बाजूला लहान पेट्या टांगल्या. ध्वनिक्षेपकवाला म्हणाला, "गुरुजी, लोकं म्हणतीन आवाज कमी हाय." मी म्हटलं, म्हणू दे.

नांदी झाली. पहिलं पद संपल्यावर मी मुलाच्या हाती ऑर्गन देऊन पुन्हा मागं गेलो. बोऱ्यावर एक म्हातारी बसली होती, डोक्यावरून घोंगडी. तिला विचारलं, "मावशी, आयकू येते का?"

ती मंचावरची नजर न काढता म्हणाली, "येते जी. आता तू बोलू नको."