चर कोणाचा?

[दृश्य : रस्त्याकडेला खणलेला अरुंद चर. कामगार त्यात प्लॅस्टिकची नळी सोडत आहेत.]

या नळीतून उद्या केसाएवढी बारीक काच, म्हणजे इंटरनेट वाहून नेणारं फायबर, ओढली जाईल. काच स्वस्त आहे. महाग आहे तो हा चर. खोदाई, परवानग्या, रस्ता पुन्हा पूर्ववत करणं : फायबरचं जाळं उभारताना बहुतेक पैसा मातीतच जातो. एकदा गेला की तो तिथून उचलून दुसरीकडे नेता येत नाही. गल्लीतल्या पन्नास घरांपैकी वीस जोडली गेली काय नि चाळीस जोडली गेली काय, खोदाईचा खर्च तेवढाच राहतो. त्यामुळे एक कंपनी पोचली की तिथे पुन्हा खणायला दुसरी सहसा धजत नाही.

मग स्पर्धा आणायची कुठून?

[दृश्य : नकाशावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड.]

2009 साली या दोन शेजाऱ्यांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली. ऑस्ट्रेलियाने सरकारी कंपनीच काढली. तिने दहापैकी नऊ घरांपर्यंत फायबर न्यायचं, अंदाजे खर्च 43 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. 2013 मध्ये सत्ता बदलली आणि आराखडाही बदलला. खर्च वाचवण्यासाठी अनेक भागांत घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात जुनी तांब्याची तारच ठेवायचं ठरलं. 2020 मध्ये सरकारने त्याच तांब्याच्या जागी फायबर टाकण्यासाठी नवा पैसा जाहीर केला. म्हणजे एकाच घरासाठी दोनदा खर्च. सरकार मालक असणं हा दोष नव्हता, असं मला वाटतं. चाळीस-पन्नास वर्षं टिकणाऱ्या कामाचा आराखडा निवडणुकीबरोबर बदलत राहिला, तिथे घात झाला.

न्यूझीलंडने सरकारी पैसा दिला, पण तो टप्प्याटप्प्याने परत यायचा होता. लोकवस्तीचे भाग वाटून चार कंपन्या निवडल्या. एकीची मालकी क्राइस्टचर्च शहराकडे होती. एक वीजवाहिन्या सांभाळणारी होती. सगळ्यात मोठा वाटा मात्र हवा होता तो जुन्या टेलिफोन कंपनीला, टेलिकॉम न्यूझीलंडला. तिला अट घातली गेली : तारा विकणारी कंपनी आणि ग्राहकांना सेवा विकणारी कंपनी एक असता कामा नये.

आपल्या हाताने आपलेच दोन तुकडे करायला कोणती कंपनी तयार होईल? ही झाली. 30 नोव्हेंबर 2011 ला तिच्यातून कोरस वेगळी निघाली. कोरसकडे फक्त जाळं. घरोघरी इंटरनेट विकायला तिला मनाई, आणि विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला सारख्याच अटींवर तार द्यायची सक्ती. जाळ्याच्या मालकाचं स्वतःचं दुकानच उरलं नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या दुकानाची वाट अडवण्यात त्याला काही फायदाही उरला नाही. 2022 अखेर हे काम पूर्ण झालं तेव्हा 87 टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर पोचलं होतं. त्याच वर्षापासून कोरसने जास्तीत जास्त किती महसूल मिळवावा, हे तिथला वाणिज्य आयोग ठरवू लागला.

[दृश्य : खांबावर चढलेला तंत्रज्ञ. खाली उघडलेलं मॅनहोलचं झाकण.]

ब्रिटनने तिसरी वाट धरली. स्पर्धा नुसती सेवेत नको, थेट तारांतही हवी. त्यासाठी तिथल्या जुन्या टेलिफोन कंपनीच्या, बीटीच्या, जाळ्याचा कारभार पाहणाऱ्या ओपनरीचला आपल्या भूमिगत नळ्या आणि खांब प्रतिस्पर्ध्यांसाठी भाड्याने खुले करावे लागले. चर तोच, त्यातून तारा मात्र अनेकांच्या. 2021 मध्ये नियामक ऑफकॉमने गुंतवणूकदारांना आणखी एक दिलासा दिला : फायबरचे घाऊक दर, म्हणजे सेवा विकणाऱ्या कंपन्यांकडून जाळ्यासाठी घेतले जाणारे दर, खर्चाला बांधून ठरवण्याचं किमान 2031 पर्यंत मनात नाही.

त्या एका आश्वासनाचं मोल मोठं होतं. आज खणणाऱ्याला पैसे सुटायला कित्येक वर्षं लागतात. पाचव्या वर्षीच दर कापले जाणार असतील, तर कर्ज कोण देणार? पैसा आला, डझनावारी नव्या कंपन्या उतरल्या. काही शहरी गल्ल्यांत दोन-दोन, तीन-तीन जाळी झाली. पुढे व्याजदर चढले, ग्राहक वाटले गेले, आणि कर्जाखाली दबलेल्या कंपन्या एकमेकींत विलीन होण्याच्या वाटा शोधू लागल्या.

[दृश्य : दोन टेकड्यांमधला रस्ता. दूरवर विखुरलेली घरं.]

इथे मात्र स्पर्धा करायला कुणीच येत नाही. दोन घरांमधलं अंतरच एवढं, की खोदाईचा हिशेब कागदावरसुद्धा जुळत नाही. अशा घरांसाठी ब्रिटन सरकारने 5 अब्ज पौंडांची वेगळी तरतूद केली. त्या पैशातून चर पुढे सरकतो आहे, एका घराकडून पुढच्या घराकडे.