नावडतीचं मीठ

नमस्कार श्रोतेहो.

मी वाचनालयात काम करते. पुस्तक परत करायला येणारा वाचक सहसा एका वाक्यात निकाल देऊन मोकळा होतो. 'छान आहे.' 'शेवट फसलाय.' 'फार पाल्हाळ लावलंय.' अलीकडे मात्र एक तक्रार वरचेवर कानावर येते: 'लिहिलंय चांगलं हो, पण त्यातलं एकही माणूस आवडलं नाही.' तरुण मंडळी म्हणतात, 'रिलेट नाही झालं.' आणि पुस्तक अर्ध्यातच परत येतं.

पुस्तक अर्ध्यात टाकायचा हक्क सगळ्यांना आहे, मीही तो बजावते. पण हे कारण ऐकलं की मला वाटतं, आपण कादंबरीतल्या माणसाकडे स्थळ बघायला गेल्यासारखे जातो की काय? मुलगा निर्व्यसनी आहे ना? स्वभावाने बरा आहे ना? आणि मग, जरा आवाज खाली आणून, आपल्यातलाच आहे ना? या तिन्ही प्रश्नांना होकार आला तर पुढची पानं उलटायची, नाहीतर नावडतीचं मीठ अळणी.

या कसोटीला सखाराम बाइंडर लावून बघा. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९७२ साली कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणलं. सखाराम पुस्तकबांधणी करणारा. लग्न न करता राहतो, आणि नवऱ्याने टाकलेल्या, घरातून हाकललेल्या बायकांना घरी घेऊन येतो. उंबरा ओलांडला की लगेच अटी सांगतो. खायला-ल्यायला मिळेल, डोक्यावर छप्पर मिळेल. घर सांभाळायचं, बायकोसारखं राहायचं, माझा शब्द शेवटचा. पटलं नाही तर दार उघडं आहे. शिवराळ, मारकुटा, चिलीम ओढणारा, वर पुन्हा मृदंग वाजवणारा. निळू फुले तो करायचे, आणि त्याने घरी आणलेल्या बायकांपैकी चंपा करायच्या लालन सारंग. तेरा प्रयोग झाले आणि नाटकांचं सेन्सॉर करणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने नाटक अडवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

सखाराम कुणाला आवडावा अशी तेंडुलकरांची इच्छा होती, असं मला अजिबात वाटत नाही. त्याला गोड करून घ्यायच्या संधी त्यांना जागोजागी होत्या. लहानपणीच्या हालांची एखादी करुण कहाणी लांबवता आली असती. त्या बाबतीत ते जेवढ्यास तेवढंच बोलतात. त्यांनी सखारामला एकच गोष्ट दिली: तो खोटं बोलत नाही. ज्या नवऱ्यांनी या बायकांना रस्त्यावर आणलं, त्यांनी चारचौघांत अक्षता टाकून घेतल्या होत्या. हा अक्षता टाकत नाही, पण जे काही करणार ते आधी सांगतो. आपण खुर्चीत बसून त्याला नावं ठेवायला तोंड उघडतो आणि हा हिशेब मध्ये येतो.

त्यातला गणपतीच्या आरतीचा प्रसंग बघा. त्याने आणलेली लक्ष्मी देवभोळी बाई. तिच्यामुळे त्या घरात गणपती बसलाय. आरतीला सखारामचा मित्र दाऊदमियाँ उभा राहतो, आणि लक्ष्मी अडून बसते: मुसलमानाने आरती म्हणायची नाही. सखाराम भडकतो. माझ्या घरात माझा मित्र आरती म्हणणार. त्या क्षणी आपण पुरते सखारामच्या बाजूला असतो. आणि तेवढ्यात तो लक्ष्मीला मारायला लागतो. बसा आता. ज्याची बाजू घेतली तो बाई बडवतोय, जिची कीव येते ती आत्ता दाऊदला दूर लोटत होती. आवडण्याच्या कसोटीवर इथे उभं राहायला जागाच सापडत नाही. नाटक संपल्यावर माणसं वाद घालत बाहेर पडतात ती अशा जागांमुळे.

आता याच्या अगदी उलटं माणूस घेऊ. स्थळ म्हणून अव्वल. नीटनेटका, हसतमुख, बोलायला गोड, नोकरी भारदस्त. बायकांना घरचा वाटतो, बापांना जावई म्हणून पसंत पडतो. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे. नाटक १९६२ सालचं, माधव काझीच्या खऱ्या खटल्यावर बेतलेलं. वेगवेगळी नावं आणि सोंगं घेऊन लग्नं करायची, पैसा-दागिने लुबाडायचे आणि नाहीसं व्हायचं, हा याचा धंदा. प्रभाकर पणशीकर एकामागून एक पाच भूमिकांत यायचे, फिरत्या रंगमंचावर दृश्यं झपाझप बदलायची. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून लखोबा आपलं काम आपणच चालवतो. साक्षीदारांना असा उलटसुलट घेतो की प्रेक्षागृह हसतं, टाळ्या वाजतात.

टाळ्या कुणाला वाजतात ते बघा. समोर फसवली गेलेली बाई उभी आहे आणि आपण तिच्या गोंधळावर हसतोय, कारण हा गडी मोठा हुशार आहे, मजेदार आहे, आवडतो. त्या बायका ज्या गुणांना भुलल्या, त्याच गुणांना तिकीट काढून आलेला प्रेक्षकही भुलतो. लोकांना आवडून घेणं हेच तर ठगाचं भांडवल! अत्र्यांनी ते शब्दांत बोलून दाखवलं नाही, प्रेक्षकाकडून करवून घेतलं. म्हणून पात्र आवडलं म्हणजे लेखकाने बाजी मारली, असं कुणी म्हणालं की मला लखोबा आठवतो.

आणि आवडणं टिकतं तरी किती? राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणलं, तेव्हा गडकरी नव्हते. बालगंधर्वांची सिंधू. एरवी भरजरी शालूत दिसणारे बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यात आले आणि सगळा महाराष्ट्र ढसाढसा रडला. नवरा सुधाकर दारूत बुडालेला, ही दळण दळते, माहेरची मदत नाकारते, आणि नवऱ्याच्या हातून मार बसून मरायला टेकली तरी पोलिसांना सांगते, मी पडले. त्या काळात सिंधूइतकं लाडकं पात्र क्वचितच असेल.

आमच्या वाचनालयातल्या 'एकच प्याला'च्या प्रतीत समासात पेन्सिलीची अक्षरं आहेत. पुस्तकात लिहू नये ही पाटी भिंतीवर आहेच, पण ही अक्षरं मी खोडत नाही. जुन्या, तिरप्या वळणाच्या अक्षरात सिंधूच्या एका भाषणापाशी लिहिलंय: 'धन्य!' त्याच्याच खाली, वेगळ्या हाताने, बॉलपेनने: 'अगं पण का?' दोघींपैकी चूक कुणीच नाही. (दोघी म्हणते, अक्षरं बायकांची असावीत हा माझा अंदाज.) पहिलीला सिंधू आवडत होती, दुसरीला तिचा राग येतोय. सुधाकरचं काय झालं बघा. वकिलीच्या मस्तीत वरचढपणा करून सनद घालवून बसणारा, अपमान गिळता येत नाही म्हणून तळीरामच्या हातून पेला घेणारा सुधाकर तेव्हाही कुणाला आवडला नव्हता, आजही आवडत नाही. पण तो जुना झाला नाही. दुखावलेला अहंकार आणि समोरचा पेला यांच्यात जे काही होतं, ते लिहिताना गडकऱ्यांनी त्याला सवलत दिली नाही. आवडतं पात्र आपल्या काळाच्या आवडीवर उभं असतं, आणि ती आवड सरली की त्याच्या पायाखालची जमीनही सरते. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण सिंधूचं झालंय खरं.

मघाचा तिसरा प्रश्न राहिला, आवाज खाली आणून विचारलेला. आपल्यातलाच आहे ना?

१९६३ साली मराठीत दोन पुस्तकं आली. एक भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला'. खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वडिलांचा पैसा उडवतो, परीक्षेत घसरतो, सगळ्यांची टर उडवतो आणि शेवटी गावी परत जातो. खोलीतला जोडीदार म्हणून हा प्राणी महिनाभरही सहन होणार नाही. तरीही होस्टेलात राहिलेल्या पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या, अरे हा तर मीच. म्हणजे न आवडणारं माणूसही आपलं वाटू शकतं, इतपत सगळ्यांना मान्य असतं.

दुसरं पुस्तक बाबूराव बागुलांचं, 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्याच नावाच्या कथेतला तरुण रेल्वेत नोकरी लागून परगावी येतो आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात सांगत नाही. त्याचं बोलणं, त्याची समज बघून लोक त्याला डोक्यावर घेतात. मग जात कळते आणि तीच माणसं अंगावर धावून जातात. आता सांगा, या कथेतलं कोण 'रिलेट' व्हायला हवं? ज्याला खोली शोधताना आडनाव विचारलं गेलं, त्याला इथे पहिल्यांदाच आपलं माणूस छापील पानावर भेटलं. ज्याला कधीच विचारलं गेलं नाही, तो म्हणेल, आपला काही संबंध नाही. त्याचा संबंध आहेच की. आधी कौतुक करणाऱ्या आणि मग मारायला उठणाऱ्या माणसांत त्याला स्वतःला शोधावं लागेल, आणि तिथे कुणालाच सापडायचं नसतं. 'आपलंसं वाटलं नाही' या तक्रारीत बऱ्याचदा हे दडलेलं असतं. पात्र परकं नसतं. त्या कथेत आपल्याला दिलेली जागा आवडलेली नसते.

गंमत म्हणजे हे दोन्ही वाचक मराठीच. म्हणून 'लोकांना रिलेट होईल असं लिहा' हा सल्ला नव्या लेखकांना दिला जातो तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुठल्या लोकांना? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, सल्ला देणाऱ्याच्या सोसायटीतल्या.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवत नाही. हल्ली कडवट, क्रूर, तुसडी माणसं लिहिली की आपोआप खोल साहित्य होतं, असा एक समज पसरलाय. पहिल्या पानावर शिवी, तिसऱ्या पानावर कुणाचा तरी गळा, आणि त्या माणसाला हवंय काय हे शंभराव्या पानापर्यंत लेखकालाही ठाऊक नाही. तिथे वाचक 'आवडलं नाही' म्हणून पुस्तक ठेवतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं 'कंटाळा आला', आणि तो बरोबरच असतो. तसंच विनोदाचं. चिं. वि. जोशींचा चिमणराव भित्रा आहे, फुशारकी मारतो, पण त्याच्याबद्दल माया वाटली नाही तर हसूच येणार नाही. तिथे आवडणं लागतंच. आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर ज्या सासवा-जावा डोळे वटारत असतात, त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही. त्यांच्याविषयी घरोघरी पुरेसं बोललं जातं.

आता 'बाइंडर'मधलीच एक जागा सांगते आणि रजा घेते. ती सखारामची नाही, लक्ष्मीची आहे.

पहिल्या अंकात लक्ष्मी स्वयंपाकघरात एका मुंगळ्याशी बोलत असते. त्याला खाऊ घालते, लटकं रागावते, गुदगुल्या होतात म्हणून हसते. बाहेरून येणाऱ्या सखारामला वाटतं आत कुणी पुरुष आहे. शोधतो, दरडावतो, कोण होतं? ती सांगते, मुंगळा. मग रात्री तो तिच्या मागे लागतो, तशीच हसून दाखव. त्या दोन प्रसंगांत लक्ष्मी आपल्याला जिंकून घेते. गरीब, भाविक, मारझोड सोसणारी, मुंगळ्यालाही जीव लावणारी. स्थळ बघणारे तिन्ही प्रश्न तिला विचारा, तिन्हींना होकार.

नाटकाच्या शेवटी हीच लक्ष्मी चंपाच्या पाळतीवर राहते. चंपा दाऊदकडे जाते हे सखारामला तीच सांगते. सखाराम चंपाचा गळा दाबतो आणि मग त्याचे हातपाय गळतात, तो मारकुटा मर्द नुसता बघत राहतो. शांत राहते ती लक्ष्मी. ती पापी होती, तुम्ही काळजी करू नका, इथेच पुरून टाकू, असं म्हणते आणि खणायला घेते. तिचा आवाज पहिल्या अंकातलाच आहे, देवावरची श्रद्धाही तीच आहे. तेंडुलकरांनी तिला मध्ये कुठेही बदललेली नाही. मुंगळ्याला भरवणारी लक्ष्मी आपल्याला इतकी आवडली होती की आरतीच्या वेळी दाऊदला अडवणाऱ्या लक्ष्मीकडे आपण जरा कानाडोळाच केला होता.

नमस्कार.